साहाय्य, स्वराज्य आणि हिशेब

ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि नगरपालिका यांना मिळून मराठीत जे नाव रूढ झाले आहे, ते 'स्थानिक स्वराज्य संस्था' असे आहे. हिंदीत याच व्यवस्थेला 'स्थानीय स्वशासन' म्हणतात, आणि मूळ इंग्रजी संज्ञेचा तो अधिक सरळ अनुवाद होय. मराठीने 'शासन' हा शब्द बाजूला ठेवून 'राज्य' हा शब्द पत्करला. त्यामुळे शिवकाळापासून टिळकांच्या काळापर्यंतच्या साऱ्या स्मृती या संस्थांना येऊन चिकटल्या. दिवाबत्ती, गटारे, पिण्याचे पाणी, शाळेची दुरुस्ती अशा साध्या कामांसाठी एवढे थोर नाव कशाला, असे कोणाला वाटेल. परंतु नाव एकदा दिले की ते आपला हक्क मागत राहते. रस्त्याला कोणाचाही पैसा चालतो. स्वराज्याला तो चालतो काय? परदेशी सरकारे, प्रतिष्ठाने आणि वित्तसंस्था जेव्हा एखाद्या प्रदेशाच्या विकासासाठी आणि तेथील स्थानिक कारभाराच्या सुधारणेसाठी साहाय्य देतात, तेव्हा त्या साहाय्याने स्वराज्य वाढते की उणावते, हा प्रश्न या नावातूनच उभा राहतो.

या प्रश्नाला दोन तयार उत्तरे आहेत. पहिले नकाराचे. 'हिंद स्वराज्य' या १९०९ सालच्या पुस्तकात गांधीजींनी स्वराज्य ही ज्याची त्याने मिळवावयाची वस्तू मानली. इतरांनी आणून दिलेले स्वराज्य त्यांच्या दृष्टीने परक्यांच्या राज्याहून वेगळे नव्हते. हा विचार शेवटपर्यंत नेला, तर ग्रामसभा कशी भरवावी हे परदेशी तज्ज्ञाने शिकवणे हा वदतोव्याघात ठरतो. दुसरे उत्तर व्यवहाराचे. दोन कोसांवरून हंडे वाहणाऱ्या बाईला नळाचे पाणी कोणत्या देशाच्या पैशाने आले याचे सोयरसुतक असण्याचे कारण नाही, आणि ज्यांच्या घरी पाणी आहे त्यांनी तत्त्वासाठी तिच्या वतीने ते नाकारावे हेही न्याय्य नव्हे. पहिले उत्तर स्वाभिमान राखते, दुसरे गरज भागवते. मात्र दोन्ही उत्तरे पैशाच्या मुळापाशीच थांबतात. पैशामागोमाग गावात कोणते संबंध येतात, याचा विचार दोहोंतही होत नाही.

भारताच्या इतिहासात हा पेच जुना आहे. १८ मे १८८२ रोजी लॉर्ड रिपन यांच्या सरकारने स्थानिक स्वराज्याविषयीचा ठराव प्रसृत केला. स्थानिक मंडळांत बिगरसरकारी सभासदांचे बहुमत असावे, शक्य तेथे अध्यक्षही बिगरसरकारी असावा आणि कारभाराच्या सुधारणेपेक्षा लोकांचे राजकीय शिक्षण हा हेतू मुख्य समजावा, अशी त्याची दिशा होती. जिंकलेल्या देशाला जेत्याने स्वराज्याचे पाठ द्यावेत, यातील विसंगती उघड आहे. तरीही याच मर्यादित संस्थांतून पुण्यात गोपाळ कृष्ण गोखले, मुंबईत फिरोजशहा मेहता आणि पुढे अहमदाबादेत वल्लभभाई पटेल यांचे सार्वजनिक जीवन घडले. देणाऱ्याचा हेतू एक असतो, घेणाऱ्याचा उपयोग दुसरा ठरतो. परक्या मुळाची संस्था स्वकीय होऊ शकते, एवढे तरी या अनुभवाने सिद्ध केले.

स्वातंत्र्यानंतरचा अनुभव अधिक गुंतागुंतीचा आहे. अमेरिकन वास्तुविशारद आणि नगररचनाकार अल्बर्ट मेयर यांच्या कल्पनेतून १९४८ साली उत्तर प्रदेशातील इटावा जिल्ह्यात ग्रामविकासाचा एक पथदर्शी प्रयोग सुरू झाला. शेती सुधारण्याइतकेच शासनयंत्रणेने आतून लोकशाहीवृत्तीचे व्हावे, वरिष्ठाने कनिष्ठाचे ऐकावे, हेही मेयर यांना महत्त्वाचे वाटत होते. पुढे १९५२ च्या जानेवारीत भारत आणि अमेरिका यांच्यात तांत्रिक सहकार्याचा करार झाला आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी पंचावन्न सामूहिक विकास प्रकल्पांचा आरंभ झाला. फोर्ड प्रतिष्ठानाने कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाला साहाय्य केले. गटविकास अधिकारी आणि ग्रामसेवक ही महाराष्ट्राच्या खेड्यांत पूर्णपणे देशी वाटू लागलेली पदे याच विकासगटांच्या व्यवस्थेतील होत.

अवघ्या पाच वर्षांनी, १९५७ साली, बलवंतराय मेहता समितीने या कार्यक्रमाची तपासणी केली. लोकांमध्ये स्वतःची प्रेरणा जागी करण्याच्या बाबतीत तो सर्वांत कमी यशस्वी झाला, असा तिचा निष्कर्ष होता. यावरचा उपाय म्हणून समितीने निवडून आलेल्या संस्थांकडे सत्ता आणि साधने सोपविणारी त्रिस्तरीय रचना सुचविली. २ ऑक्टोबर १९५९ रोजी राजस्थानात नागौर येथे पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. महाराष्ट्राने वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार १९६१ साली कायदा केला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या.

सामूहिक विकास कार्यक्रमाच्या या अपयशाचे खापर परदेशी पैशावर फोडणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. पैशाचा मोठा भाग भारताचा स्वतःचाच होता आणि तो राबविणारे अधिकारीही भारतीयच होते. दोष हिशेबाच्या दिशेत होता. ग्रामसेवक आपल्या कामाचा अहवाल गटाला देई, गट जिल्ह्याला, जिल्हा राज्याला आणि राज्य दिल्लीला. किती विहिरी खोदल्या, किती बियाणे वाटले, हे आकडे वर चढत. ज्यांच्यासाठी हे सारे चालले होते, त्या गावकऱ्यांपुढे मात्र ते यावेत अशी व्यवस्था नव्हती. श्रमदानाला त्यांना बोलावले जाई, जाब विचारण्यास नाही.

मराठीत 'हिशेब' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक जमाखर्चाचा आणि दुसरा उत्तरदायित्वाचा. 'याचा हिशेब द्यावा लागेल' असे म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात रुपये असतातच असे नाही. स्वराज्याचा गाभा या दुसऱ्या अर्थात आहे. निर्णय घेण्याचा अधिकार महत्त्वाचा खरा, पण चांगला जमीनदारही निर्णय घेतो. निर्णय घेणाऱ्याला ज्यांच्यापुढे उभे राहून उत्तर द्यावे लागते, त्यांचे राज्य असते. म्हणून साहाय्य देशी की परदेशी, देणगी की कर्ज, सशर्त की बिनशर्त, हे सारे प्रश्न दुय्यम होत. त्या पैशाचा हिशेब अखेर कोणापुढे मांडला जातो, हा मूळ नैतिक प्रश्न आहे.

येथे एक रास्त आक्षेप येतो. देणाऱ्यालाही हिशेब मागण्याचा हक्क आहे. परदेशी सरकारचा पैसा म्हणजे तेथील करदात्याच्या श्रमाचा वाटा. त्याचे काय झाले हे त्या करदात्याला कळू नये, असे कोणती नीती म्हणेल? हा हक्क मान्य केलाच पाहिजे. अडचण दोन हिशेब असण्यात नाही. त्यांतील एक हिशेब दुसऱ्याला गिळून टाकतो, ही खरी अडचण आहे. देणाऱ्याचा लेखापरीक्षक ठरल्या दिवशी येतो, त्याचे तक्ते ठरलेले असतात आणि तो असमाधानी झाला तर पुढचा हप्ता थांबतो. गावकरी असमाधानी झाला तर फारसे काही थांबत नाही. अशा विषम स्थितीत सरपंच कोणाच्या प्रश्नाची तयारी अधिक करील, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. गाव म्हणजे तरी कोण? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवगानावर कठोर प्रहार केला आणि संकुचितपणा व जातीयता यांचे घर असे त्याचे वर्णन करून, राज्यघटनेने व्यक्ती हाच घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले. गावाचे स्वराज्य आणि गावातील दलिताचे वा स्त्रीचे स्वराज्य या एकच गोष्टी नाहीत. आतून जे दार उघडत नाही, ते कधी कधी बाहेरच्या धक्क्याने उघडते. मग परक्याची अट ही प्रत्येक वेळी दास्याची खूण कशी मानावी?

महाराष्ट्रातील 'जलस्वराज्य' प्रकल्प या संदर्भात विचारार्ह आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने २००३ ते २००९ या काळात तो राज्यातील सव्वीस जिल्ह्यांत राबविला गेला. गावाने मागणी केल्याशिवाय योजना नाही, भांडवली खर्चाचा साधारण दहावा हिस्सा गावाने उभारावा, देखभालीचा भार गावानेच सोसावा, महिलांची ग्रामसभा घ्यावी आणि पाणीपुरवठा समितीत स्त्रियांना निम्मे स्थान असावे, अशी त्याची चौकट होती. स्वराज्याच्या अटी वॉशिंग्टनमधील संस्थेच्या करारात लिहिल्या जाव्यात, हे वाचून हसू येईल. पण त्या चौकटीत गावपातळीवर सामाजिक लेखापरीक्षण समितीचीही तरतूद होती. म्हणजे बाहेर जाणाऱ्या हिशेबाबरोबर आत राहणारा हिशेबही निदान कागदावर मानला गेला होता. अर्थात हे साहाय्य म्हणजे कर्ज होते. ते फेडण्याची जबाबदारी करारावर सही न केलेल्या, कदाचित तेव्हा जन्मही न झालेल्या नागरिकांवर पडते. म्हणून योजना संपल्यावरही पाणीपट्टीची वही गावात उघडी राहते काय, हीच तिची कसोटी. बाहेरच्या अटीने स्त्री सभेत आली, हे स्वागतार्ह. पण तिने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणे कोणाला तरी बंधनकारक झाले, तरच ती अट स्वराज्याची झाली.

साहाय्याचे आणखी एक लक्षण म्हणजे त्याची अनिश्चिती. याचे अलीकडचे उदाहरण भारताबाहेरचे आहे. युक्रेनच्या संसदेने ५ फेब्रुवारी २०१५ रोजी लहान गावांच्या स्वेच्छेने एकत्र येण्याचा कायदा केला. २०२० पर्यंत तेथे १,४६९ नवे स्थानिक समूह आकारले. युरोपीय संघ, जर्मनी, स्वीडन आणि अमेरिका यांनी प्रशिक्षण, सल्ला आणि निधी पुरविला. २०२५ साली अमेरिकेने आपली विदेश-साहाय्य संस्था बंद केली. तो निर्णय अमेरिकेतील मतदारांनी निवडलेल्या सरकारचा होता. युक्रेनमधील कोणत्याही गावाला त्यात मत नव्हते, आणि असण्याचा प्रश्नही नव्हता. मात्र वैयक्तिक आयकराचा साठ टक्के वाटा स्थानिक समूहांकडे ठेवण्याचा नियम त्यांच्याच संसदेने केलेला होता. युद्धाच्या काळात त्यातही फेरफार झाले, पण त्या फेरफारांबद्दल जाब विचारण्याची जागा तरी देशात होती. साहाय्याने सुधारणेला वेग दिला असेल. तिला पाय दिले ते घरच्या कराने. स्वतः दिलेल्या करातून हिशेब मागण्याची सवय लागते, आणि ती सवय देणगीने लावता येत नाही.

तेव्हा 'परका' या शब्दाचा अर्थच तपासून घ्यावा लागतो. २०१० च्या परकीय अंशदान नियमन कायद्याने पंचायतीला विधिमंडळाच्या व्याख्येत बसविले आणि तिच्या सदस्यांना परदेशी देणगी घेण्यास मनाई केली. लोकप्रतिनिधी म्हणून त्यांचा दर्जा यात मान्य झाला, हे योग्यच. पण सीमेच्या आतून येणारा पैसाही परक्यासारखा वागू शकतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातील ग्रामीण अनुदानांपैकी साठ टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांच्याशी बांधलेली होती. हेतू चांगला होता. परंतु आधी काय हवे, हे ठरविण्याचा पंचायतीचा अधिकार तेवढा आक्रसला. याहून बोलके उदाहरण शहरांचे आहे. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. राज्यातील इतर अनेक महानगरपालिका आणि जिल्हा परिषदाही दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती राहिल्या. त्या काळात रस्ते होत होते, निविदा निघत होत्या, अंदाजपत्रके मांडली जात होती. एकही परदेशी अट नव्हती. फक्त ज्याला जाब विचारावा असा निवडून आलेला माणूस नव्हता.

परदेशी साहाय्याविषयी संताप करणारे पुष्कळ असतात. या चार वर्षांच्या रिकाम्या सभागृहांविषयी तेवढा संताप दिसला नाही. याचे कारण कदाचित असे असावे, की स्वराज्य म्हणजे परक्याचा अभाव अशी समजूत मनात घट्ट बसली आहे. परक्याला दूर ठेवणे ही स्वराज्याची पहिली पायरी होती. ती चढून गेल्यावर उरते ते कष्टाचे, कंटाळवाणे, रोजचे काम: सभेला जाणे, वही मागणे, आकडा न पटल्यास उभे राहून विचारणे, आणि शेजाऱ्याचा रोष पत्करणे. हे काम कोणताही मित्रदेश दुसऱ्यासाठी करू शकत नाही, आणि कोणताही शत्रू ते सहजी हिरावूही शकत नाही.

महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यानुसार वर्षाचा जमाखर्च ग्रामसभेपुढे ठेवावा लागतो. महसुलाच्या नोंदी चावडीवर मोठ्याने वाचून दाखविण्याची रीतही येथे जुनी आहे. साहाय्य देणाऱ्या कोणत्याही संस्थेला, ती दूर देशीची असो की राज्याच्या राजधानीतली, घालावयाची अट यातूनच सापडते. जो हिशेब तिला इंग्रजी तक्त्यांत हवा आहे, तो आधी गावाच्या भाषेत चावडीवर वाचला जावा. तेथे उठलेल्या प्रश्नांची उत्तरे त्याला जोडली जावीत. आणि मगच तो पुढे पाठविला जावा. ही अट जिला मान्य असेल, तिचा पैसा घेण्यात स्वराज्याला कमीपणा नाही. जिला ती मान्य नसेल, तिचा पैसा स्वदेशी असला तरी दोनदा विचार करून घ्यावा.