वाफसा

एका गावची जत्रा आटोपली. देवस्थानच्या पेटीत बारा हजार रुपये उरले. पंचांनी ठरवलं, गावातल्या धंदेवाल्यांना भांडवल म्हणून वाटू. कुंभार, बुरडीण आणि तेलघाणेवाला यांना तीन-तीन हजार दिले. चौथा हिस्सा गोधड्या शिवणारीचा. ती परमुलखातून आलेली, म्हणून दोघा पंचांनी कुरकुर केली. शेवटी तिलाही मिळाले.

वर्ष गेलं. कुंभाराची मडकी बाजाराच्या वाटेवर निम्मी फुटली. बुरडिणीच्या टोपल्यांना गिऱ्हाईक मिळेना. तेल पडून खवट झालं. गोधड्या घरातच राहिल्या.

पंच म्हणाले, "आता दमडी मिळणार नाही."

गावातली एक म्हातारी उठली. "मुंबईत गिरगावात १९५९ साली सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. तोच आजचा लिज्जत पापड. रुपये ८०च होते बाबांनो, पण सातजणी एका गच्चीवर होत्या. यंदा निम्मेच द्या. फक्त बाजाराच्या आदल्या रात्री चौघांनी पारावर बसायचं आणि कुणाचं काय अडलंय ते सांगायचं."

पहिल्या रात्री कुणी बोलेना. हातात कसब असलेल्या माणसाला आपली अडचण सांगायची लाज वाटते. अखेर कुंभाराने एक फुटकं मडकं पुढे ठेवलं. बुरडिणीने ते हातात घेऊन फिरवून पाहिलं. पुढच्या खेपेला तिने खोल टोपली विणून आणली, आत सहा कप्पे. गोधडीवालीने चिंध्यांच्या चुंबळी वळून कप्प्याकप्प्यात बसवल्या. घाणेवाला म्हणाला, "बाजाराच्या दिवशी माझा बैल रिकामाच असतो. गाडी जुंपतो."

एकही मडकं फुटलं नाही. मडक्यांवर पांघरलेली गोधडी गाडीतून उतरवतानाच विकली गेली. कप्प्यांची टोपली पाहून दुसऱ्या गावच्या कुंभारांनी तशाच टोपल्या सांगितल्या. दिवाळीच्या बाजारात पणत्यांशेजारी तेल मांडलं, तर पणती घेणारा तेल घेतल्यावाचून हलेना.

पुढच्या जत्रेत चौघांनी आपणहून पेटीत पैसे परत टाकले. पंचांना नवल वाटलं. "पहिल्या वर्षी दुप्पट देऊन काही उगवलं नव्हतं!"

"बी तेव्हाही हेच होतं," म्हातारी म्हणाली. "वाफसा नव्हता. तो माणसं एकत्र बसल्यावर आला."

इतक्यात घोंगड्या विणणारा एक अनोळखी माणूस पाराशी येऊन घुटमळला. मागे कुरकुर केलेले ते दोघे पंच सरकले आणि त्यांनी त्याला मध्ये जागा करून दिली.