थरथर

देवगाव फाट्याला आमच्या भाच्याचं फ्लेक्सचं दुकान आहे. परवा त्याच्या पेन टॅबलेटवर मी एक रेघ ओढली. कागदावर माझी रेघ शेतातल्या पायवाटेसारखी जाते. पडद्यावर मात्र हमरस्त्यासारखी उमटली!

"मामा, स्टॅबिलायझर लावलाय." म्हणजे हात कापला तरी यंत्र गेल्या काही बिंदूंची सरासरी काढतं आणि आपली थरथर पोटात घालतं.

मला एक म्हातारबाबा आठवले. याच फाट्यावर एस.टी. धरून बँकेत आले होते. सही जुळेना म्हणून मी त्यांची स्लिप परत केली. "हात कापतो, साहेब," एवढंच म्हणाले. सही तपासायची ती त्यांचे पैसे दुसऱ्याने नेऊ नयेत म्हणून. मी ते त्यांच्यापासूनच राखले!

मग भाच्याने अर्धपारदर्शक रंगाने चूक झाकायला शिकवलं. ५० टक्क्यांचा एक फटकारा, पेन उचलून त्यावर दुसरा, की ७५ टक्के झाकतं, तिसऱ्याला ८७.५. आम्ही कॉमर्सवाले हे लगेच ओळखतो. घटत्या शिल्लक पद्धतीचा घसारा! दरवेळी निम्मं उरतं; हिशेबाने शून्य कधीच होत नाही.

म्हातारबाबांवर मीही 'नियम' हा एक थर दिलाय, 'ऑडिट' हा दुसरा, 'मी तरी काय करणार' हा तिसरा. तरी ते साडेबारा टक्के अजून दिसतात. परतीच्या एस.टी.ची वाट बघत बसलेले.