चाल कोणाच्या पायांची?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या धर्मग्रामातील पस्तीस जणांना घेऊन मी हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. राहुरीकडील आमच्या शेतांना मुळा धरणाच्या कालव्याचे पाणी मिळते आणि ती मुळा याच डोंगररांगांत उगम पावते. आपले पाणी कुठून येते ते एकदा पाहावे, एवढेच सहलीचे निमित्त. अकोले तालुक्यातील पाचनई गावातून आम्ही सकाळीच चढू लागलो. गडाची उंची १४२४ मीटर. पठारावरचे गवत वाळले होते, जाळ्यांवरची करवंदे काळी पडू लागली होती. सर्वांना ओढ होती ती कोकणकड्याची. तिथे सह्याद्री एकाएकी तुटतो आणि खाली दूरवर कोकण दिसते.

अग्रभागी मी होतो. ऊन चढण्यापूर्वी कडा गाठावा, ही माझी घाई. मागे राहिलेल्यांसाठी आम्ही वाटेत दोनदा थांबलो. सर्वांत मागे एक वयस्क भगिनी होत्या. त्यांचे आयुष्य खुरपणीत आणि ऊसतोडणीत गेलेले. त्या पोहोचल्या की मी शिट्टी वाजवी आणि सारे निघत. हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिराजवळ त्या मला म्हणाल्या, "फादर, तुम्ही बसता तवर मी चालते. मी आले की तुम्ही उठता. मग मी बसायचं कधी?" त्या तिथेच सावलीत थांबल्या. आम्ही कडा पाहून आलो. त्यांनी तो पाहिला नाही.

तोवर मी समजत होतो की, थांबणे म्हणजेच सोबत करणे. परंतु आमच्या थांबण्याने विश्रांती मिळाली ती धडधाकटांना. जिला तिची सर्वाधिक गरज होती, तिच्या वाट्याला केवळ गाठण्याची धावपळ आली.

कोणी विचारील, एकासाठी चौतीस जणांनी कड्यावर पाणी सोडावे काय? तरुणांच्या पायांनाही त्यांचा हक्क आहे. आक्षेप खरा आहे, पण प्रश्न चुकीचा मांडलेला आहे. निवड कडा आणि ती भगिनी यांमध्ये नव्हतीच. आरंभापासून तिच्या चालीने निघालो असतो, तर कदाचित तासभर उशीर झाला असता, पण पस्तीसही जण कड्यावर उभे राहिले असते. तिला डोंगराने दमवले नाही. आमच्या घाईने दमवले.

आपल्या शेतकऱ्यांना हे तत्त्व नवे नाही. कालव्याचे आवर्तन सुटले की पाणी आधी टेलला द्यावे, मग वरच्यांनी घ्यावे, असा दंडक आहे. वरच्यांनी आधी घेतले तर शेवटच्या शेतात ओल पोहोचेलच याचा भरवसा नसतो. टेलच्या शेतकऱ्याला पाणी देणे ही वरच्याची मेहेरबानी नव्हे. तो त्याचा हक्क आहे. दया उरलेल्यातून देते. न्याय मोजणीच शेवटच्यापासून सुरू करतो.

उत्पत्तीच्या पुस्तकातील याकोबाला हे ठाऊक होते. एसाव त्याला आपल्याबरोबर चलण्याचा आग्रह करतो, तेव्हा याकोब म्हणतो की, मुले कोवळी आहेत, दूध पाजणारी जनावरे आहेत. एक दिवस जरी दामटली तरी कळप मरेल. मी त्यांच्या चालीने येईन. हा कळपाच्या धन्याचा शहाणपणा होता.

आपल्या घरांत आणि सभांत आपण कसे वागतो? शिकलेली मंडळी आधीच निर्णय घेऊन बसतात आणि मग मजुरी करून रात्री उशिरा आलेल्या माणसाला विचारतात, "मंजूर ना?" तो येऊन टेकतो न टेकतो तोच सभा संपते. आपण त्याच्यासाठी थांबलो, असे मात्र आपल्याला प्रामाणिकपणे वाटत असते.

गड उतरताना मी त्या भगिनींना पुढे केले आणि शिट्टी खिशात ठेवली. त्या जिथे बसल्या तिथे सारे बसले, त्या उठल्या तेव्हा सारे उठले. मुलांनी वाटेत करवंदे वेचली. दिवस मावळण्यापूर्वी पस्तीसही जण पाचनईत पोहोचलो. कोकणकडा मात्र त्यांना दाखवायचा राहिला आहे. ते देणे माझ्याकडे आहे.