दुसऱ्याच्या दारावरून जाताना

पावसाळा सरला की आपल्याकडे सायकलींचा हंगाम सुरू होतो. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत बहुतेक रविवारी कुठे ना कुठे सामूहिक राइड ठरलेली असते. पुण्याहून मुळशीमार्गे ताम्हिणी, वाईहून पसरणी घाटाने पाचगणी, नाशिकहून कसारा. उजाडायच्या आत दिवे लुकलुकवत निघालेली ती रांग पाहिली की मला मनापासून आनंद होतो. त्यात कॉलेजची मुलं असतात, डॉक्टर असतात, निवृत्तीनंतर सायकल घेतलेले काका असतात, नातवंडं असलेल्या आजीही असतात. एवढी माणसं स्वतःहून अंथरूण सोडतात आणि घामाने मैल कापतात, ही समाजाच्या दृष्टीने चांगलीच गोष्ट आहे. म्हणूनच त्याच रस्त्यावर त्याच दुपारी जे दिसतं, त्याबद्दल बोलायला हवं.

पाण्याच्या थांब्याच्या पुढे कागदी पेले विखुरलेले असतात. बाटल्यांची झाकणं, चिक्कीची वेष्टनं, केळीची सालं. आणि घाट जिथे सुरू होतो, तिथे एनर्जी जेलची पाकिटं. ती नेमकी तिथेच का, हे सायकल चालवणाऱ्याला सांगावं लागत नाही. चढाच्या तोंडाशी ताकद हवी असते. एक हात हँडलवर, दुसऱ्या हातात पाकीट. दातांनी कोपरा फाडायचा, थुंकायचा, जेल पिळून घ्यायचं आणि पाकीट सोडून द्यायचं. काही सेकंदांचं काम. पाकीट निदान डोळ्यांना दिसतं, कोणीतरी उचलतं. तो नखाएवढा कोपरा कोणाच्याच हाती लागत नाही. प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना चिकटवून हे पाकीट केलेलं असतं. ते कुजत नाही, आणि थर सुटे करणं अवघड असल्यामुळे भंगारवालाही त्याला हात लावत नाही. आत गोड पाक राहिलेला असतो, त्याच्या वासाने घाटातली माकडं येतात, गुरं येतात. केळीच्या सालीचंही तेच. ‘ती कुजतेच की’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. कुजते, पण त्याआधी माकडांना रस्त्याच्या कडेला बसायची सवय लावून जाते, आणि ती सवय भरधाव गाड्यांखाली संपते.

हे करणारी माणसं बेफिकीर नाहीत, हे मला आधी मान्य केलं पाहिजे. घरी ती ओला आणि सुका कचरा वेगळा करतात. सोसायटीच्या बैठकीत त्याबद्दल आग्रहाने बोलतात. मग रस्त्यावर काय होतं? मला वाटतं, सायकलवर बसताना आपण मनात एक पुण्य जमा करून घेतो. आज आपण पेट्रोल जाळलं नाही, धूर सोडला नाही, निसर्गाचे आपण मित्र. हे पुण्य मग नकळत खर्चायला काढलं जातं. त्यात प्रवेश शुल्काची भर पडते. पैसे भरलेत, जर्सीवर क्रमांक लावलाय, मागून आयोजकांची गाडी येतेच आहे, उचलतील ते. पण शुल्क भरून आपण थांब्यावरचं पाणी आणि शेवटी मिळणारं पदक विकत घेतलेलं असतं. रस्ता विकत घेतलेला नसतो. तो ज्या गावाचा आहे, त्या गावाला आपल्या शुल्कातला एक रुपयाही मिळालेला नसतो.

तिसरं कारण टीव्हीवरून आलं आहे. टूर द फ्रान्समधले सायकलपटू रिकामी बाटली ज्या डौलात फेकतात, तो डौल आपल्याला शिकावासा वाटतो. पण त्यांच्याही जगात हा प्रश्न सुटलेला नाही. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने एप्रिल २०२१पासून नियम कडक केला: कचरा ठरवून दिलेल्या पट्ट्यातच टाकायचा. त्याच आठवड्यात बेल्जियममधल्या टूर ऑफ फ्लँडर्समध्ये मिखाएल शेर या स्विस सायकलपटूला बाटली फेकल्याबद्दल शर्यतीतून बाद केलं गेलं. त्याने ती रस्त्याकडेला उभ्या असलेल्या चाहत्यांकडे टाकली होती. नंतर त्याने लिहिलं, की १९९७ साली तो लहान असताना आईवडिलांनी त्याला टूर द फ्रान्स पाहायला नेलं होतं, आणि तिथे मिळालेल्या एका पिवळ्या बाटलीमुळे त्याच्या मनात सायकलचं वेड रुजलं. महासंघाने पुढे शिक्षा सौम्य केली, आणि ते योग्यच झालं असं माझं मत आहे. कोणी हात पुढे करून उभं आहे आणि आपण त्याला काही दिलं, तर ती भेट आहे. ज्याची कोणी वाट पाहत नाही आणि जे कोणाला तरी वाकून उचलावं लागणार आहे, तो कचरा. व्यावसायिक शर्यतीत त्यासाठी राखलेले पट्टे असतात, मागून साफ करणारी पथकं असतात. ताम्हिणीत मागून कोण येणार आहे? आपण त्यांचा हात तेवढा उचलला, त्यांच्यावरची बंधनं उचलली नाहीत.

उलट हौशी सायकलस्वारांची स्वतःची एक जुनी, सुंदर परंपरा आहे आणि महाराष्ट्रात ती आता चांगली रुजली आहे. बीआरएम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या राइड्स. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ६०० किलोमीटरला ४० तास. शर्यत नाही, पहिला-दुसरा क्रमांक नाही. नियम जगभर एकच, आणि तो पॅरिसच्या ओडाक्स क्लबकडून आलेला: सायकलस्वार स्वावलंबी हवा. पंक्चर स्वतः काढायचं, खाण्यापिण्याचं स्वतः पाहायचं, नियंत्रण केंद्राशिवाय वाटेत कुठेही घरच्यांची गाडी मदतीला घ्यायची नाही. या स्वावलंबनाला मी फार मानतो. मात्र ते रिकाम्या पाकिटापाशी येऊन थांबत असेल तर अर्धंच राहिलं. ट्यूब मी वाहून नेणार, पंप मी वाहून नेणार, आणि माझं उष्टं दुसऱ्याने वाहायचं, हे स्वावलंबनाच्या कोणत्या व्याख्येत बसतं?

याच परंपरेतली सर्वांत मोठी राइड म्हणजे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. १८९१ साली शर्यत म्हणून सुरू झालेली, आता दर चार वर्षांनी होणारी, सुमारे १,२०० किलोमीटरची. भारतातूनही बरेच जण जातात. परतलेल्यांना विचारलं तर ते चढ-उतारांपेक्षा गावांबद्दल जास्त बोलतात. रात्री-अपरात्री लोक घरासमोर टेबलं मांडून बसलेले असतात. पाणी, कॉफी, केक. पैसे घेत नाहीत. ला तानिएर नावाच्या वाडीत तर क्रेप खाऊ घालतात आणि मोबदला म्हणून एवढंच मागतात, की घरी पोहोचल्यावर आपल्या गावाहून एक पोस्टकार्ड पाठवा. अशा दारासमोर पाकीट टाकायची हिंमत कोणाला होईल?

आपल्या गावांतलं अगत्य काही कमी नाही. पंढरपूरच्या सायकल वारीला निघालेल्यांना वाटेत चहा-पोहे द्यायला लोक उभे असतात. एरवीच्या राइडमध्येही सहा वाजता शटर उघडून ‘बसा, पाणी घ्या’ म्हणणारे हॉटेलवाले भेटतात. या लोकांना आपण कसे दिसतो, याचा विचार रविवारी फारसा होत नाही. गाव झोपेत असताना हँडलवरचा स्पीकर वाजत असतो. अरुंद रस्त्यावर तिघं-चौघं शेजारी शेजारी गप्पा मारत जातात आणि मागे दुधाची गाडी खोळंबते. डोक्यावर भारा घेतलेल्या बाईला ‘बाजू, बाजू’ असं ओरडून कडेला लोटलं जातं. फोटोसाठी भाताच्या खाचरात शिरायचं, शेताच्या बांधाचा आडोसा स्वच्छतागृह म्हणून वापरायचा. यातल्या कशाचीच तक्रार कोणी करत नाही. शहरातून आलेल्या महागड्या सायकलींसमोर गावकरी बोलत नाहीत, एवढंच. त्या गप्प राहण्याला संमती समजणं ही आपली मोठी चूक आहे.

मुळशीच्या रस्त्याने जाताना मला सेनापती बापटांची आठवण होते. धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी १९२१ ते १९२४ या काळात तिथे मावळ्यांचा सत्याग्रह झाला. तो बापटांनी लढवला आणि त्यापायी तुरुंगवास भोगला. हेच बापट आपल्या पारनेर गावी सकाळी हातात झाडू घेऊन रस्ते आणि शौचकूप साफ करत. परदेशात शिकून आलेला, जहाल क्रांतिकारक म्हणून गाजलेला माणूस दुसऱ्यांची घाण काढणं हा आपल्या दिवसाचा पहिला धर्म मानत होता. त्यांनी ज्या खोऱ्यासाठी एवढं सोसलं, तिथे आपण पाहुणे म्हणून जातो. आपल्याकडून त्यांच्याएवढी अपेक्षा कोणी करत नाही. दुसऱ्याची राहू द्या, स्वतःची घाण सोबत आणली तरी पुरे.

आयोजकांकडे मात्र थोडं कठोरपणे पाहायला हवं. २०१८ साली राज्यात प्लास्टिकच्या पेल्या-ताटल्यांवर बंदी आली, तेव्हा बहुतेक थांब्यांवर कागदी पेले आले. पण त्यांनाही आतून प्लास्टिकचं अस्तर असतंच. प्रत्येक सायकलला बाटली अडकवायची सोय असताना पेला लागतोच कशाला? पाण्याचे जार ठेवा, बाटली भरून घ्यायला सांगा. युरोपातल्या यूटीएमबी या डोंगरी धावशर्यतीत पाण्याच्या ठिकाणी पेले मिळत नाहीत, धावपटू स्वतःचा पेला बाळगतो. सहारातल्या मॅरेथॉन दे साब्लमध्ये पाण्याच्या बाटलीवर धावपटूचा क्रमांक लिहीत असत. टाकून दिलेली सापडली तर शिक्षा होत असे. वाळवंटात जे जमलं, ते पसरणी घाटात न जमण्यासारखं नाही. जेलच्या पाकिटांवर निघण्यापूर्वी मार्करने क्रमांक लिहायला दोन मिनिटं पुरतात.

येत्या रविवारी राइडला जाणार असाल तर जर्सीच्या मागच्या तीन खिशांपैकी एक रिकाम्या पाकिटांसाठी राखून ठेवा. पाकीट फाडताना कोपरा पूर्ण तोडू नका, तो पाकिटालाच लटकत राहू द्या. वाटेत भेटणाऱ्यांना आधी तुम्ही नमस्कार करा. आणि आयोजकांनो, शेवटच्या सायकलस्वारामागे चालणारी तुमची माणसं रस्ता स्वच्छ करून परत येईपर्यंत पदकं वाटायला सुरुवात करू नका. सगळ्यांना थांबू द्या.