लाल ओळी

एका तालुक्याच्या गावी एक शाळा होती. पाचवी ते दहावीचे वर्ग, पुढे मोठं मैदान आणि मागच्या बाजूला संगणक खोली. खोलीत वीस संगणक होते. त्यातले चौदा चालायचे.

एकदा आठवीच्या वर्गात भूगोलाच्या सरांनी प्रोजेक्टरवर ज्वालामुखीचा व्हिडिओ लावला. व्हिडिओ संपला आणि त्याच्या पाठोपाठ भलतीच जाहिरात आपोआप सुरू झाली. सरांनी धावत जाऊन वायर ओढली, पण पोरांनी पाहायचं ते पाहिलं होतं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दुसऱ्या दिवशी पालक आले, तिसऱ्या दिवशी संस्थेचे सचिव आले, आणि महिन्याभरात शाळेत इंटरनेट गाळणारी यंत्रणा आली.

ती बसवायला शहरातून एक तरुण आला. त्याने एक छोटी पेटी भिंतीला लावली आणि प्रत्येक संगणकात एक प्रोग्रॅम टाकला. मग मुख्याध्यापकांना समजावून सांगितलं. पेटीत वाईट साइटींची यादी असते. यादीतलं नाव आलं की पेटी अडवते. पण आजकाल बहुतेक साइटींचा मजकूर कुलूपबंद येतो. कोण कुठल्या दारात शिरलं ते पेटीला कळतं, आत काय बोलणं झालं ते कळत नाही. म्हणून संगणकातला प्रोग्रॅम. मूल काय टाइप करतं ते तो बघतो. यादीतला शब्द आला की पान अडवतो आणि नोंदीत एक लाल ओळ टाकतो. कोणाच्या लॉगिनवर, कुठल्या संगणकावर, किती वाजता, काय शब्द.

“शब्दांची यादी इंग्रजीत आहे,” तरुण म्हणाला. “मराठी शब्द तुम्ही द्यायचे.”

मुख्याध्यापकांना सगळे मोठे सर म्हणत. त्यांनी आणि सचिवांनी दार लावून यादी केली. एकमेकांकडे न बघता केली. लिपिकाने ती मान खाली घालून टाइप केली. एवढी लाज वाटत असताना कोणी शब्दांचा दुसऱ्या बाजूने विचार करील, ही अपेक्षाच चुकीची. यादीत शिव्या होत्या, दारू होती, जुगार होता, ‘घाणेरडा फोटो’ होता, शरीराच्या अवयवांची नावं होती. त्यात ‘स्तन’ हाही शब्द होता.

जाताना तरुणाने दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे मुलांवर अशी नजर ठेवायची तर पालकांना आणि मुलांना तसं कळवा. 2023 च्या माहिती संरक्षणाच्या कायद्याला मुलांचा माग काढलेला चालत नाही, शाळांना मोकळीक आहे ती शिकवण्यापुरती आणि सुरक्षेपुरती. दुसरी गोष्ट त्याने विचारली.

“ह्या लाल ओळी रोज वाचणार कोण?”

“संगणकाचे सर आहेत ना,” मोठे सर म्हणाले.

संगणकाचे सर गणितही शिकवत. शिष्यवृत्तीचे अर्ज त्यांच्याकडे, यू-डायसची माहिती त्यांच्याकडे, मुलांच्या आधारातल्या चुका त्यांच्याकडे, आणि पोषण आहाराची रोजची ऑनलाइन नोंदही त्यांच्याकडे. त्यांनी मान हलवली. नाही म्हणायची सोय नव्हती. पालकांना पत्र पाठवायचं राहूनच गेलं.

पहिले काही दिवस सगळे खूश होते. मग दहावीला प्राण्यांचं वर्गीकरण सुरू झालं. विज्ञानाच्या बाईंनी प्रकल्प दिला, प्रत्येकाने एक प्राणी घ्यायचा. एका मुलाने देवमासा घेतला. तो संगणकापुढे बसला आणि त्याने ‘सस्तन प्राणी’ असं टाइप केलं. पान अडलं. पडद्यावर आलं, “हे पान शाळेच्या धोरणानुसार बंद आहे.” त्याला वाटलं आपलं काहीतरी चुकलं. त्याने पुन्हा टाइप केलं. ‘देवमासा सस्तन’. ‘सस्तन समुद्र’. दर वेळी पान अडलं आणि दर वेळी नोंदीत एक लाल ओळ पडली. त्याच आठवड्यात वटवाघूळवाली, हत्तीवाला, डॉल्फिनवाला, सगळेच लाल झाले. एका मुलीच्या आईला छातीत गाठ निघाली होती. तिने आईच्या आजाराचं नाव टाइप केलं, तेही लाल झालं.

शनिवारी यंत्राने मोठ्या सरांच्या फोनवर आठवड्याचा गोषवारा पाठवला. त्यात शब्द नव्हते. फक्त लॉगिन आणि आकडे होते. देवमाशाच्या मुलाच्या नावापुढे सगळ्यांत मोठा आकडा होता.

सोमवारी परिपाठात राष्ट्रगीत झालं, प्रार्थना झाली, सुविचार झाला. मग मोठ्या सरांनी माइक घेतला आणि तीन नावं वाचली. “ही मुलं संगणकावर अश्लील शब्द शोधतात,” ते म्हणाले. तिघांना पुढे उभं केलं. सगळी शाळा हसली. देवमाशाच्या मुलाच्या ओठावर आलं की सर, मी प्रकल्पाचं शोधत होतो. पण सगळ्यांच्या देखत खुलासा करायला त्याला धीर झाला नाही. तो खाली बघत राहिला. प्रकल्पात त्याने शेवटी बैल घेतला आणि घरच्या बैलाचं चित्र काढून दिलं.

त्या दिवसापासून मुलं संगणक खोलीत जपून वागू लागली. मोठी पोरं घरून फोन आणू लागली. मैदानाच्या कडेला बसून आपल्या फोनचं नेट वापरायची, तिथे शाळेच्या पेटीचा काही संबंध नव्हता. ज्यांना शोधायचं ते त्यांनी तिथे शोधलं. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांनी विचारणंच सोडलं.

नववीत एक मुलगी होती. अभ्यासात बरी, अक्षर चांगलं, बोलायला कमी. घरी एकच फोन होता आणि तो संध्याकाळी तासभर तिच्या हाती यायचा. एके दिवशी मधल्या सुट्टीत ती कोपऱ्यातल्या संगणकावर बसली. तिने एक ओळ टाइप केली. कोणी आपला घाणेरडा फोटो बनवला तर काय करायचं. पान अडलं. ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी आली, शब्द बदलून पुन्हा विचारलं. पान अडलं. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, घाणेरडा फोटो सगळ्यांना पाठवीन म्हणतो त्याला कसं थांबवायचं. तेही अडलं. तिन्ही वेळा पडद्यावर तेच वाक्य आलं, शाळेच्या धोरणानुसार बंद.

मग ती शाळेत येईनाशी झाली. पोट दुखतं, अशी चिठ्ठी आली. वर्गशिक्षकांनी हजेरीत गैरहजेरी मांडली.

दिवाळीच्या सुट्टीला दोन दिवस राहिले असताना यंत्राने कळवलं की नोंदींची जागा भरली आहे. संगणकाचे सर जागा मोकळी करायला बसले. शेकडो ओळी होत्या आणि सगळ्या लाल. सगळं एकदम पुसून टाकायचं बटण समोर होतं. सरांनी बोट तिथे नेलं, पण गणिताच्या माणसाला आकडा खुपतो. एवढ्याशा शाळेत एवढं पाप? त्यांनी पहिल्यांदाच शब्दांचा रकाना उघडला. सस्तन, सस्तन, सस्तन. सर आधी हसले, मग त्यांना परिपाठातला देवमाशाचा मुलगा आठवला आणि हसू थांबलं. त्यांनी ‘सस्तन’च्या सगळ्या ओळी वेगळ्या काढल्या. उरल्या त्या थोड्याच. त्यात एका लॉगिनच्या तीन होत्या, लागोपाठच्या तीन दिवसांच्या.

सरांनी त्या वाचल्या. पुन्हा वाचल्या. तारीख पाहिली. पहिली ओळ सतरा दिवसांपूर्वीची होती.

ते कागद घेऊन मोठ्या सरांच्या खोलीपर्यंत गेले. दारात थांबले. मग वळले आणि विज्ञानाच्या बाईंकडे गेले.

बाई त्याच संध्याकाळी मुलीच्या घरी गेल्या. प्रयोगवही द्यायचं निमित्त केलं. चहा झाला, तब्येतीचं झालं. आई चुलीपाशी गेल्यावर बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, “पोरी, तू शाळेत काहीतरी शोधत होतीस. मला ठाऊक आहे. तुझं काही चुकलेलं नाही.”

मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, “बाई, माझं नाव परिपाठात वाचणार का?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “कुणीच वाचणार नाही.”

तेव्हा ती बोलली. ऑनलाइन ओळख झालेल्या एकाने तिचा साधा फोटो घेऊन त्याचा भलताच फोटो बनवला होता. चेहरा तिचा, बाकी कुणाचं तरी. आता तो आणखी फोटो मागत होता, नाहीतर हा गावभर करीन म्हणत होता. घरी सांगितलं तर शाळा बंद करतील, आणि शाळेत सांगितलं तर नाव वाचतील. म्हणून तिने यंत्राला विचारलं होतं.

बाईंनी आईला आत बोलावलं. आई रडली, मग पोरीला जवळ घेऊन बसली. बाईंनी 1098 ला फोन लावला आणि तिथून पुढचा रस्ता कळला. फोटो खरा असो की बनवलेला, तो पसरवण्याची अशी धमकी मुलाला देणं हाच पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे, आणि कळल्यावर पोलिसांना न सांगणं हाही. सकाळी तक्रार झाली. जबाब घ्यायला महिला अधिकारी घरी आल्या, साध्या कपड्यांत, म्हणून शेजाऱ्यांना वाटलं कोणी पाहुण्या आल्या. धमकी देणारा फार लांबचा नव्हता. चार दिवसांत सापडला.

सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी सर आणि बाई मोठ्या सरांकडे गेले. मुलीचं नाव खोडलेला कागद त्यांनी टेबलावर ठेवला. शेजारी ‘सस्तन’च्या ओळींचा गठ्ठा ठेवला. मोठ्या सरांनी आधी गठ्ठा चाळला. मग कागद वाचला.

“म्हणजे यंत्र चुकलं?”

“नाही सर,” संगणकाचे सर म्हणाले. “यंत्राने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वाचायचं माझ्याकडे होतं.”

“आणि ती आपल्याकडे आली का नाही?”

बाईंनी उत्तर दिलं नाही. मोठे सर गठ्ठ्याकडे बघत राहिले. त्यांनाच ते उमगलं असावं, कारण पुढचं त्यांनी विचारलं नाही.

सुट्टीनंतर शब्दांची यादी पुन्हा झाली, या वेळी दार उघडं ठेवून आणि विज्ञानाच्या बाईंना शेजारी बसवून. शरीराचे आणि आजारांचे शब्द सुटले. जुगाराच्या साइटी बंदच राहिल्या, घाणेरड्याही. अडलेल्या पानावरचं वाक्य बदललं. आता तिथे येऊ लागलं, “हे पान इथे उघडत नाही. चुकून अडलं असेल तर सरांना सांग. काही त्रास होत असेल तर बाईंना सांग किंवा 1098 ला फोन कर.” पालकांना पत्र गेलं, शाळा काय बघते आणि काय बघत नाही याचं. गणिताच्या सरांकडचं पोषण आहाराचं काम दुसऱ्याकडे दिलं. हा बदल सगळ्यांत अवघड गेला, कारण ते घ्यायला कोणी तयार नव्हतं. शेवटी मोठ्या सरांनी स्वतःकडे घेतलं.

त्यांनी देवमाशाच्या मुलालाही बोलावलं. “चूक माझी होती,” म्हणाले. “परिपाठात तुझा प्रकल्प वाचशील?” मुलगा म्हणाला, “नको सर.” मोठ्या सरांनी आग्रह केला नाही.

गोष्ट एका शाळेची असली तरी पेटी आता जगभरच्या शाळांत आहे. अमेरिकेत 2000 साली कायदा झाला, इंटरनेटसाठी सरकारी सवलत हवी तर शाळेने गाळणी लावलीच पाहिजे. आपल्याकडे सीबीएसईने 2017 मध्ये आपल्या शाळांना अशाच सूचना दिल्या. इंग्लंडच्या शिक्षण खात्याने 2023 मध्ये जे निकष घालून दिले, त्यात मला एक गोष्ट शहाणपणाची वाटते. तिथे सुरुवात यंत्रापासून होत नाही. ही जबाबदारी कोणा माणसाची, ते आधी ठरवा, वर्षातून एकदा तरी सगळं तपासा, आणि गाळताना शिकणं अडवू नका, असं ते सांगतात. आपल्याकडे पेटी विकत घेतली की काम झालं असं वाटतं. मुलाला मात्र एवढंच बघायचं असतं की आपण विचारलेलं कुणाच्या हाती पडेल, आणि तो माणूस त्याचं काय करील.

त्या शाळेत आता रोज चार वाजता सर आणि बाई दहा मिनिटं बसू लागले. सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात लाल ओळी अकरा आल्या. नऊ फुकटच्या होत्या. दहावी ओळ क्रिकेटवर पैसे लावणाऱ्या साइटची होती, त्या मुलाशी सर मैदानात फिरता फिरता बोलले. अकरावी दोघांनाही कळली नाही. नुसते दोन शब्द होते, अर्धवट. पुसून टाकू या का, असं सरांनी विचारलं. बाई म्हणाल्या, “थांबा. आधी बघू, त्या संगणकावर कोण बसलं होतं आणि आज ते पोर जेवलं का.”