भाऊ कोण निवडतं?

दिवाळी आटोपली की आमच्या झाडीपट्टीत मंडईचे, म्हणजे जत्रेचे, दिवस येतात. आज या गावची, उद्या त्या गावची. लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, रात्री दंडार रंगते. गेल्या साली सिहोऱ्याच्या मंडईला माझा भाचा आला होता. अमेरिकेत जन्मलेला, तिथल्या विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला शिकणारा. रात्री उशिरा अंगणात खाटेवर बसलो, तेव्हा त्याच्या स्वेटरवरच्या तीन ग्रीक अक्षरांकडे बोट दाखवून मी विचारलं, हे काय?

मग पोरगा खुलला. ती त्याच्या फ्रॅटर्निटीची अक्षरं. कॉलेजातल्या पन्नास-साठ मुलांनी एकमेकांना भाऊ मानायचं, एका घरात राहायचं आणि ते नातं जन्मभर निभवायचं. कोणाचे मार्क घसरले तर त्याला रोज अमुक तास लायब्ररीत बसावं लागतं आणि वरच्या वर्गातला एखादा भाऊ त्याच्यावर लक्ष ठेवतो. दरवर्षी लहान मुलांच्या दवाखान्यासाठी पैसे जमवायचे. संध्याकाळी कॉलेजातल्याच दुसऱ्या घरांविरुद्ध सामने. त्यात बाहेरचा संघ नसतो, कोच नसतो, पोटाचा घेर वाढलेला मुलगाही खेळतो. सांगताना त्याचे डोळे चमकत होते. परमुलुखात वाढलेल्या मुलाला आपली माणसं मिळाली, याचा मला मनापासून आनंद झाला.

बोलता बोलता त्याने सहज विचारलं, ‘‘मामाजी, तुमच्या होस्टेलात कोणाला घ्यायचं, हे कोण ठरवत होतं?’’

‘‘कोणीच नाही,’’ मी म्हणालो. तो झोपायला गेला. मी मात्र बराच वेळ तसाच बसून राहिलो, कारण मी त्याला खरं सांगितलं नव्हतं.

१९९१ च्या जूनमध्ये मी सिहोऱ्याहून एसटीने तुमसरला, तिथून देव्हाडीला येऊन तुमसर रोड स्टेशनवर पॅसेंजरमध्ये बसलो. सोबत एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि चिन्नोर तांदळाचं अर्धं पोतं. मेसमध्ये धान्य जमा केलं की महिन्याच्या बिलात तेवढी सूट मिळायची. नागपुरातल्या त्या वसतिगृहाचं नाव मी सांगणार नाही. खेड्यातल्या मुलांसाठी चांगल्या माणसांनी चालवलेली ती जागा होती आणि दारावरच्या पाटीवर ‘सर्वांसाठी’ असा शब्दही होता. पण मेसमध्ये दोन पंगती बसायच्या. तसा कुठे नियम लिहिलेला नव्हता, कोणी कोणाला उठवतही नव्हतं. नवा मुलगा पहिल्या दिवशी आडनाव सांगायचा आणि दुसऱ्या दिवशी आपोआप आपल्या पंगतीला जाऊन बसायचा. खिडकीकडची पंगत आमची, नळाकडची त्यांची. मीही खिडकीकडे बसलो. पहिली दोन वर्षं त्यात काही वावगं आहे असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही, आणि हेच मला आज सगळ्यात जास्त बोचतं.

म्हणजे आमच्याकडेही कोणीतरी ठरवत होतं. अमेरिकेत तो ठरवणारा निदान समोर बसून तुमची मुलाखत घेतो. आमचा ठरवणारा आम्ही पोचायच्या आधीच तिथे येऊन बसलेला होता.

फ्रॅटर्निटीच्या त्या प्रथेचा इतिहास मी नंतर वाचला. डिसेंबर १७७६ मध्ये व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात काही विद्यार्थ्यांनी फाय बीटा कॅपा नावाची मंडळी जमवली. गुप्त खुणा, वादविवाद, ग्रीक नाव, सगळं तिथून आलं. पुढे घरं झाली आणि दारं अरुंद झाली. गोऱ्या, सुखवस्तू मुलांनाच आत जागा. १९०६ साली कॉर्नेल विद्यापीठात सात काळ्या विद्यार्थ्यांनी अल्फा फाय अल्फा उभी केली, कारण त्या विद्यापीठात त्यांना बसा-बोलायला हक्काची जागा नव्हती. एकत्र अभ्यास करून एकमेकांना टिकवून धरणं हीच त्यांची पहिली गरज होती. हे वाचताना मला कोल्हापूर आठवलं.

शाहू महाराजांनी आधी राजाराम कॉलेजचं वसतिगृह सर्वांसाठी ठेवून पाहिलं होतं. हळूहळू तिथे एकाच जातीची मुलं उरली. मग १९०१ साली त्यांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, पाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम अशी बोर्डिंगं निघाली आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल. जातवार बोर्डिंगं काढली म्हणून महाराजांना नावं ठेवणाऱ्यांनी ती आधीची गोष्ट विसरू नये. दार सर्वांना उघडं आहे असं नुसतं म्हटल्याने ते सर्वांना उघडत नाही, हे त्यांनी करून पाहिलेलं होतं. ज्याला कुठेच जागा नाही, त्याला आधी स्वतःची खोली हवी.

पण खोली मिळाल्यावर पुढे काय? याचं उत्तर त्याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहणाऱ्या एका दांडग्या विद्यार्थ्याने दिलं. मिस क्लार्क होस्टेलच्या कार्यक्रमाला जाऊन आला म्हणून त्याला आंघोळ करूनच आत ये, असं सांगण्यात आलं. त्याने नकार दिला आणि बोर्डिंगमधून त्याला बाहेर पडावं लागलं. तो विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी जे वसतिगृह काढलं, त्यात सगळ्या जातींची मुलं एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीत जेवत. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचं नामकरण झालं, छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस. पैसा नव्हताच. त्यांच्या मुष्टिफंडासाठी बायका दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत. मदत म्हणजे श्रीमंताचा चेक, या समजुतीला त्या मुठीने जे उत्तर दिलं, त्याच्या तोडीचं काही मी कुठे वाचलेलं नाही. आणि एकदा मुलांच्या जेवणाची सोय होईना तेव्हा लक्ष्मीबाईंनी, भाऊरावांच्या पत्नीने, गळ्यातलं मंगळसूत्र विकायला काढून दिलं. त्या काळात बाईने ते काढून देणं म्हणजे काय, हे माझ्या आईला कळलं असतं. मी ही गोष्ट वर्गात अनेकदा सांगितली आणि दर वेळी आवाज दाटून आला.

बाबासाहेबांच्या कामाचीही हीच वीण आहे, फक्त तिकडे आपलं लक्ष कमी जातं. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने पुढच्याच वर्षी सोलापुरात वसतिगृह काढलं, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण त्याच सभेच्या आधाराने विद्यार्थ्यांनी ‘सरस्वती विलास’ नावाचं मासिक चालवलं, मोफत वाचनालय निघालं आणि मुंबईत महार हॉकी क्लब सुरू झाला. हॉकी! ज्यांना सार्वजनिक विहिरीवर पाणी मिळत नव्हतं, त्यांच्या मुलांच्या हातात त्यांनी पुस्तकाबरोबर हॉकीची काठी दिली. हा माणूस बंधुतेवर नुसता बोलला नाही, ती कशाने तयार होते हे त्याने नीट ओळखलं होतं.

कारण त्यांनी ती स्वतः अनुभवली होती. १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेल्यावर काही दिवसांनी ते लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात राहायला आले. खोलीतला जोडीदार होता नवल भथेना, मुंबईचा पारशी तरुण. १९१७ साली भारतात परतून बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा तिथल्या पारशी सराईतून काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. आणि १९२० साली अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला जायची वेळ आली, तेव्हा पाच हजार रुपये उसने दिले ते पारशी भथेनांनीच. एकाच समाजाची माणसं. एकीकडे सराई, जिथे तुम्ही कोण ते आधी विचारतात. दुसरीकडे वसतिगृहाची खोली, जिथे रात्री एकाच दिव्याखाली दोघांनी पुस्तकं उघडलेली होती. माझं सगळं म्हणणं या दोन जागांमधल्या अंतरात आहे.

१९५४ च्या मे महिन्यात बाबासाहेब आमच्या भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि हरले. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला आकाशवाणीवरच्या भाषणात त्यांनी सांगितलं, की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या तीन शब्दांत माझं जीवनविषयक तत्त्वज्ञान आहे आणि ते मी फ्रेंच क्रांतीपासून नाही, बुद्धाच्या शिकवणीतून घेतलं आहे. भंडाऱ्याने त्यांना नाकारल्यावर पाच महिन्यांत ते बंधुतेविषयी बोलत होते. आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत हे दोन प्रसंग एका श्वासात सांगितले पाहिजेत.

आता पुन्हा माझ्या मेसकडे येतो. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र उलटून पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसं गेली. आमच्या वसतिगृहातल्या गणपतीच्या वर्गणीचं एक पावतीपुस्तक अर्धं शिल्लक होतं. सेक्रेटरीने प्रत्येक पावतीवरचा ‘गणेशोत्सव’ हा छापील शब्द बॉलपेनने खोडून खाली ‘किल्लारी’ लिहिलं. दोघादोघांच्या जोड्या पाडल्या. माझ्या वाट्याला पवनीकडचा एक मुलगा आला, नळाकडच्या पंगतीतला. चादरीची दोन टोकं त्याच्या हातात, दोन माझ्या, असे आम्ही इतवारीतून फिरलो. नाणी, नोटा, लुगडी, एका म्हातारीने दिलेली नवीकोरी सोलापुरी चादर. दिवसभर आम्ही एका गाड्यावर एका बशीतून पोहे खाल्ले, एका ग्लासने पाणी प्यालो. संध्याकाळी चादर मेसच्या ओट्यावर उपडी केली, पैसे मोजले, हात धुतले. आणि तो नळाकडे गेला, मी खिडकीकडे.

त्या रात्रीबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. दूरच्या दुःखितासाठी झटताना माणूस मोठा होतो, पण शेजारच्यासमोर त्याला वाकावं लागत नाही. पावतीपुस्तकाने आमच्यातलं चांगुलपण बाहेर काढलं, पंगत मात्र हलवली नाही.

ती हलली जानेवारीत, गॅदरिंगच्या कबड्डीत. सामने ब्लॉकवार असत, त्यामुळे संघ निवडायची सोयच नव्हती. ज्या मजल्यावर खोली, त्या मजल्याचा संघ. पवनीचा तो मुलगा उजव्या कोपऱ्यात आणि मी त्याच्या शेजारी. ज्याने साखळी धरली आहे त्याला ठाऊक असतं, चढाईवाला आत आला की शेजाऱ्याचं मनगट घट्ट पकडावं लागतं, घामाने निसटलं तर दोघंही बाद. अंतिम सामन्यात आम्ही दोन गुणांनी जिंकलो. मुरमाने गुडघे फुटलेले, अंगभर धूळ. तसेच सातही जण ओरडत मेसमध्ये शिरलो आणि जी जागा समोर दिसली तिथे ओळीने बसलो. ती नळाकडची होती. कोणी ठरवलं नव्हतं, कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. लक्षात आलं ते आचाऱ्याच्या. वरणाची बादली घेऊन तो क्षणभर थबकला, आमच्याकडे पाहिलं आणि पहिल्या ताटापासून वाढत निघाला.

एका सामन्याने जात गेली, असं मी म्हणणार नाही. सुट्टीत घरी गेल्यावर ती दारात उभीच असायची. पण आमच्या मजल्याच्या सात जणांची ती पंगत वर्ष संपेपर्यंत टिकली, आणि परीक्षेच्या दिवसांत पवनीच्या मित्राच्या नोट्स कार्बन लावून मी रात्र रात्र उतरवून घेतल्या, तेव्हा त्या मागताना मला शब्द शोधावे लागले नाहीत.

या सगळ्यात माझ्या बहिणीचा, म्हणजे त्या भाच्याच्या आईचा, पत्ता नाही. दहावीला तिचे मार्क माझ्यापेक्षा जास्त होते. तिला नागपूरच्या वसतिगृहात ठेवावं असं घरात कोणाच्या मनातही आलं नाही. ती रोज एसटीने तुमसरला जाऊन शिकली. तिला ना साखळी मिळाली, ना पावतीपुस्तक. बंधुता या शब्दात बहीण कुठे आहे, असा प्रश्न तिने कधी केला नाही, पण मला तो पडतो. बाबासाहेबांनाही हा शब्द अपुरा वाटला होता, वेगळ्या कारणाने. ‘रिडल्स इन हिंदुइझम’मध्ये त्यांनी म्हटलं आहे, की बुद्धाचा मैत्री हा शब्द अधिक योग्य आहे. मलाही तोच हवासा वाटतो. मैत्रीत बहीण मावते.

आज सिहोऱ्याची मुलं तुमसर, भंडारा, गोंदिया, नागपूरला शिकायला जातात. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजनेची रक्कम थेट खात्यात जमा होते. इतर मागास मुलांसाठीही तशी योजना आली आहे. हे पैसे हक्काचे आहेत आणि वेळेवर मिळालेच पाहिजेत. तरी मला काळजी वाटते. त्या रकमेत भाड्याची खोली मिळते, डबा मिळतो, अभ्यासिकेची खुर्ची मिळते. प्लायवुडने बंद केलेले कप्पे, प्रत्येकात एक दिवा, एक चार्जिंगचा पॉइंट आणि भिंतीवर ‘शांतता राखा’. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी. खुर्चीला खुर्ची लागून वर्षभर बसणारी ही मुलं एकाच जागेसाठी एकमेकांशी स्पर्धा करत असतात. अभ्यास, मदत आणि खेळ या आमच्या तिन्ही गोष्टींपैकी अभ्यास तेवढा उरला, तोही एकट्याचा.

गेल्या महिन्यात अशाच एका अभ्यासिकेत मला बोलायला बोलावलं होतं. मी एका मुलाला विचारलं, शेजारी कोण बसतो? तो म्हणाला, ‘‘सर, चौदा नंबर.’’

मी भाषण बाजूला ठेवलं. म्हटलं, यंदाच्या मंडईला अभ्यासिकेचे कबड्डीचे संघ उतरवू. मुलांचे आणि मुलींचेही. संघ निवडायचे नाहीत, खुर्चीच्या नंबराने पाडायचे. एक ते सात, आठ ते चौदा. थोडी कुजबुज झाली. मागून एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, ‘‘सर, प्रॅक्टिस किती वाजता?’’ पहाटे साडेपाचला, बाजाराच्या मैदानावर, असं ठरलं. भाच्याला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, ‘‘मामाजी, मी येतो तेव्हा मला कितवा नंबर?’’

सध्या एकवीस मुलं-मुली येतात. चौदा नंबर उजव्या कोपऱ्यात उभा राहतो. त्याची पकड चांगली आहे.