पाणथळीचा साक्षी

सांख्यदर्शनात पुरुष, म्हणजे शरीर, मन आणि बुद्धी यांहून वेगळे असलेले शुद्ध चैतन्य, हा केवळ द्रष्टा मानला आहे. ईश्वरकृष्णाची ‘सांख्यकारिका’ त्याला साक्षी, मध्यस्थ आणि अकर्ता ठरवते आणि सारी घडामोड प्रकृतीकडे, म्हणजे जगाच्या त्रिगुणात्मक मूलकारणाकडे, सोपवते. ही मांडणी मोक्षविचारासाठी झालेली असली, तरी पक्षी पाहायला निघालेला माणूस स्वतःची भूमिका नकळत तिच्याच आधाराने समजून घेतो, कारण त्याला शिकार नको असते, केवळ दर्शन हवे असते. असे पाहणे खरोखर अकर्त्याचे असते का, हा प्रश्न नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यातील सकाळी टाळता येत नाही.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर सिंचनासाठी बंधारा घातला गेला, त्यामागे गाळ साचत गेला आणि त्यातून उथळ पाणी, दलदल व लहान बेटे तयार झाली. रामसर करारानुसार, म्हणजे पाणथळ जागांच्या रक्षणासाठी १९७१ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, २०२० साली जाहीर झालेले महाराष्ट्रातील हे पहिले स्थळ मुळातच माणसाच्या कर्तृत्वातून उपजले आहे. सकाळी तेथे चक्रवाक, थापट्या आणि तलवार बदक चरत असतात. पाहणारा काठावरून जरा पुढे सरकला की चरणे थांबते, माना उंचावतात, आणि वारकरी, हा काळ्या अंगाचा व पांढऱ्या कपाळाचा जड पाणपक्षी, पाण्यावर पाय आपटीत दूरवर धावत जाऊन मगच हवेत उठतो. परतीच्या स्थलांतरासाठी साठवायची चरबी अशा प्रत्येक उड्डाणात थोडी खर्ची पडते.

कारिकाकारांना हा पेच अगदीच अपरिचित होता, असे म्हणता येत नाही. प्रकृतीहून सुकुमार काही नाही आणि आपण पाहिले गेलो हे जाणवताच ती पुन्हा पुरुषाच्या दृष्टीस पडत नाही, असे ते सांगतात, तेव्हा साक्षीच्या पाहण्यालाही परिणाम असतो हे त्यांनी स्वीकारलेलेच असते. मात्र तेथे प्रकृतीची निवृत्ती ही पुरुषाच्या मुक्तीची खूण ठरते, तर येथे थव्याचे उठून जाणे हे पाहणाऱ्याच्या उतावळेपणाचे फळ असते. देहधारी निरीक्षकाला साक्षीपण अंतर राखून, दुर्बिणीवर भागवून आणि वेळीच माघारी फिरून मिळवावे लागते, आणि तेही अंशतःच मिळते. शिवाय बंधाऱ्यातून पाणी केव्हा व किती सोडायचे आणि साचलेला गाळ किती राहू द्यायचा, हे माणसांनाच ठरवावे लागते, आणि या निर्णयांत काहीही न ठरवणे हासुद्धा एक निर्णयच असतो.